घरी कॉफी भाजताना या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी माझ्याकडे काचेची बरणी घेऊन येते. बरणीत घरी भाजलेली कॉफी असते. बिया बाहेरून कोळशासारख्या काळ्या, आणि दाताखाली फोडून पाहिल्या तर आतून फिकट, लाकडासारख्या. प्रश्नही ठरलेला असतो. माल चिकमगळूरच्या चांगल्या मळ्यातला होता, पैसे भरपूर मोजले, तरी कडूपणा आणि गवताचा कच्चेपणा एकाच कपात कसा आला? मी उत्तर देण्याआधी एवढेच विचारतो की फर्स्ट क्रॅक, म्हणजे बिया तापून पहिल्यांदा तडकण्याचा आवाज, किती मिनिटांनी झाला. बहुतेकांना ते सांगता येत नाही, कारण त्यांनी घड्याळ लावलेलेच नसते, आणि ज्यांनी लावलेले असते ते अभिमानाने सांगतात, "चार मिनिटांत!"

चार मिनिटांत कढईत कॉफी भाजून होत नाही, ती फक्त करपते. हिरव्या बीमध्ये वजनाच्या सुमारे १० ते १२ टक्के पाणी असते आणि उंचावर पिकलेली अरेबिकाची (कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी एक) बी तर चांगलीच टणक असते. गॅस पूर्ण उघडला की कढईला टेकलेली बाजू झपाट्याने तापते, पण बीच्या पोटातले पाणी अजून हललेलेही नसते. मग बाहेरचा रंग पाहून माणूस गॅस बंद करतो आणि आतला गाभा तसाच राहतो. रवा भाजताना आपण ही घाई करत नाही, शेंगदाणे भाजताना करत नाही, कारण मोठ्या आचेवर शेंगदाण्याला बाहेरून काळे डाग पडतात आणि आतला दाणा नरम राहतो, हे प्रत्येक घराला माहीत आहे. कॉफीच्या बाबतीतच हे शहाणपण कुठे जाते, ते मला अजून कळलेले नाही.

माझी पद्धत सांगतो. ती शास्त्र म्हणून घेऊ नका, सवय म्हणून घ्या. जाड लोखंडी कढई, २५० ग्रॅम बिया, लांब दांड्याचे लाकडी उलथणे. कढई आधी मध्यम आचेवर तीन-चार मिनिटे तापवून घ्यायची आणि बिया टाकल्यापासून हात एकदाही थांबवायचा नाही. चार-पाच मिनिटांत हिरवा रंग जाऊन पिवळा येतो आणि ओल्या गवताचा वास मागे पडून भट्टीतून निघालेल्या पावासारखा वास येऊ लागतो. हा टप्पा गाठण्याआधी आच वाढवणाऱ्या माणसाला कॉफी नको असते, नुसता काळा रंग हवा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पिवळ्याचा तपकिरी होऊ लागला की मी आच जराशी कमी करतो, कारण फर्स्ट क्रॅकच्या आसपास बिया स्वतःच्या वेगाने पुढे पळू लागतात आणि त्या वेळी लगाम हातात नसला तर पुढे तो सापडत नाही. फर्स्ट क्रॅक बीचे तापमान साधारण १९६ अंश सेल्सिअसला पोहोचल्यावर होतो आणि त्याचा आवाज लाह्या फुटण्यासारखा, मोकळा आणि ठसठशीत असतो. सेकंड क्रॅक २२४ अंशांच्या आसपास होतो. तो आवाज बारीक आणि दाट असतो, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. मला दहाव्या मिनिटाला पहिला आवाज हवा असतो आणि साडेबाराव्या मिनिटाला बिया कढईबाहेर हव्या असतात. ज्यांना फिल्टर कॉफीसाठी गडद भाजणी हवी असेल त्यांनी मोहरीच्या पहिल्या दोन-चार दाण्यांपर्यंत थांबावे, त्यापुढे नको.

याच्या उलट चूक करणारेही आहेत. मंद आचेचा उपदेश कानी पडताच ते पंचवीस-तीस मिनिटे कढईसमोर तपश्चर्या करतात. अशी कॉफी करपत नाही, पण तिची चव शिळ्या पावासारखी होते. आंबटपणा, गोडवा, सुगंध सगळे सपाट होऊन जाते. त्यावर उपाय नाही, पुढच्या वेळी आच थोडी वाढवा.

निव्वळ रंगावर भाजणाऱ्यांविषयीही बोलले पाहिजे. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखाली दिसणारा रंग आणि सकाळी खिडकीपाशी दिसणारा रंग यांत एका भाजणीचा फरक असतो. काहीजण त्यावर उपाय म्हणून लाल ठिपका टाकणारे इन्फ्रारेड थर्मामीटर विकत आणतात आणि कढईवर रोखून आकडे वाचत बसतात. ते यंत्र फक्त पृष्ठभागाचे तापमान सांगते, तेही कधी बीचे, कधी मधून दिसणाऱ्या धातूचे. आणि चकचकीत स्टीलवर तर ते सर्रास चुकते. त्यापेक्षा कान, नाक आणि शंभर रुपयांची वही बरी. मी वहीत चारच गोष्टी लिहितो: हिरव्या बियांचे वजन, पिवळेपणाची वेळ, पहिल्या आवाजाची वेळ आणि भाजून झाल्यावरचे वजन. २५० ग्रॅमचे २१० ग्रॅम झाले तर घट १६ टक्के, म्हणजे मध्यम भाजणी. २२० च्या वर राहिले तर भाजणी हलकी झाली, आणि २०५ च्या खाली गेले तर गडद. स्वयंपाकघरातला वजनकाटा खोटे बोलत नाही आणि प्रकाशावर अवलंबूनही नसतो.

गार करायला उशीर

ही माझी सर्वांत लाडकी चूक, कारण ती मी स्वतः धूमधडाक्यात केलेली आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नातेवाइकांना भेट म्हणून द्यायला मी रोबस्टाची, म्हणजे कॉफीच्या दुसऱ्या मुख्य जातीची, पीबेरी भाजायला घेतली. पीबेरी म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल बी धरते ती. हौसेपोटी मी एकदम अर्धा किलो बिया कढईत टाकल्या, ही पहिली चूक. सेकंड क्रॅक सुरू होताच गॅस बंद केला, तोवर सगळे बेतात होते. पण नेहमीची मोठी चाळणी जागेवर नव्हती, कारण आईने ती चकलीच्या भाजणीचे पीठ चाळायला नेली होती. मी ती शोधायला गेलो आणि कढई ओट्यावर तशीच राहिली. लोखंड गॅस बंद केल्यावर निवत नाही, ते आपली साठवलेली उष्णता बियांना देत राहते, आणि अर्धा किलो तापलेल्या बिया एकमेकींनाही भाजतात. दोन मिनिटांनी परत आलो तेव्हा मोहरीचा आवाज थांबून गेला होता, बियांवर तेल सुटले होते आणि धूर छताला लागला होता. घाबरून मी सगळे परातीत ओतले, परात बाहेरच्या खोलीत नेली आणि छताचा पंखा पाचवर केला.

त्या खोलीत वर्तमानपत्रांवर चिवडा निवत पसरलेला होता. भाजताना कॉफीच्या बीवरून पातळ, चंदेरी साल सुटते. ती कागदापेक्षा हलकी असते. अर्धा किलो बियांची ती सगळी फोलपटे क्षणात हवेत उडाली आणि तीन किलो चिवड्यावर सावकाश उतरली. आई काही बोलली नाही. तिने सूप काढले आणि चिवडा पाखडायला बसली, आणि पोहे सुपात राहून फोलपटे कशी पुढे उडून जातात ते पाहताना माझ्या लक्षात आले की ज्यासाठी मी परदेशी यंत्रे शोधत होतो ते अवजार आमच्या माळ्यावर पडलेले होते. कॉफी मात्र वाचली नाही. तिला राखेची चव होती.

तेव्हापासूनचा माझा नियम असा की गॅस पेटवण्याआधी स्टीलच्या दोन मोठ्या चाळण्या, टेबलफॅन आणि सूप बाल्कनीत मांडलेले असते. बिया कढईतून थेट चाळणीत जातात, पंख्यासमोर या चाळणीतून त्या चाळणीत ओतल्या जातात, आणि चार मिनिटांच्या आत मूठभर बिया हातात धरता आल्या पाहिजेत. प्लॅस्टिकची चाळणी वापरू नका, ती वितळते. गार झाल्यावर सुपात दोनदा पाखडले की उरलीसुरली साल निघून जाते. हव्या त्या रंगाच्या किंचित आधीच गॅस बंद करावा, कारण चाळणीत पडेपर्यंत रंग अर्धा पाऊल पुढे जातोच.

पॉपकॉर्न यंत्रवाले

गरम हवेच्या पॉपकॉर्न यंत्रात कॉफी उत्तम भाजते, पण जाळी तळाशी असलेले यंत्र घेऊ नका. त्यात फोलपटे तापणाऱ्या तारेजवळ साचून पेट घेऊ शकतात. हवा भिंतीच्या फटींतून गोल फिरत येते तेच यंत्र चालते. त्यातही ८०-९० ग्रॅमच्या वर बिया घालू नयेत. बिया सुरुवातीला स्वतःहून फिरत नसतील तर त्या जास्त झाल्या असे समजावे. कालच्यासारखीच कृती करूनही आज भाजणी लांबली, अशी तक्रार अनेकजण करतात. संध्याकाळी विजेचा दाब उतरलेला असतो आणि बारीक तारेच्या लांब एक्स्टेन्शनवर तो आणखी उतरतो, हे त्यामागचे साधे कारण असते. मी असे यंत्र नेहमी भिंतीतल्या सॉकेटवर आणि सकाळी लावतो.

अरेबिका आणि रोबस्टा कच्च्याच मिसळून एकत्र भाजण्याचा आळस करू नका. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभरा डाळ आणि उडीद डाळ वेगवेगळी भाजतात, कारण प्रत्येकीला लागणारा वेळ वेगळा असतो, इथेही तेच. आधी भाजा, मग मिसळा.

हिरव्या बिया तांदळासारख्या धुवू नका, त्या निवडा. काळ्या, फुटक्या, भोक पडलेल्या किडक्या बिया काढा आणि खडे तर काढाच, एका खड्याने ग्राइंडरचे पाते जाते. चकाकी यावी म्हणून तूप घालू नका. नॉनस्टिक भांडे वापरू नका, रिकामे किंवा जास्त तापले की त्याच्या थरातून विषारी वाफा निघतात. कुकरचे झाकण लावून कॉफी भाजण्याचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा.

खरेदीच्या वेळी प्लँटेशन ए, डबल ए ही नावे ऐकून हुरळून जाऊ नये. प्लँटेशन म्हणजे पाण्याने धुऊन गर काढलेली अरेबिका, आणि ए, बी ही अक्षरे बीच्या आकारावरून पडतात, चवीवरून नाही. पीक कोणत्या हंगामातले आहे, हे विचारणे जास्त उपयोगाचे. आपल्याकडे अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी चालते, त्यामुळे नवा माल उन्हाळ्यात हाती येतो आणि घरात स्थिरावेपर्यंत पावसाळा लागतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी पोत्यातला माल पोत्यातच ठेवला तर बिया ओल धरतात, फिकट होतात, आणि भाजताना पहिल्या पाच मिनिटांत नुसती वाफ सोडत बसतात. एका गृहस्थांनी मला अशाच बुरसट वासाच्या बिया दाखवून त्या 'मॉन्सून्ड मलबार' झाल्याचे सांगितले होते. मॉन्सून्ड मलबार किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर मुद्दाम, पाळतीने, पुन्हा पुन्हा उलटून फुगवलेली असते. माळ्यावर विसरलेल्या पोत्याला ते नाव लावता येत नाही. हवाबंद डबा, अंधारी जागा, आणि एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त खरेदी नाही, एवढे पुरते. फ्रिजची गरज नाही.

भाजून झाल्या झाल्या कॉफी दळून पिणे ही अधीर माणसांची शेवटची चूक. ताज्या भाजलेल्या बीच्या पोटात कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो आणि तो कित्येक दिवस बाहेर पडत राहतो; पहिल्या दिवशी पाणी ओतले की नुसता फेस उठतो, पाणी पुडीत नीट शिरत नाही आणि कप पातळ, तुरट लागतो. मी पहिले बारा तास बरणीचे झाकण सैल ठेवतो, मग घट्ट लावतो, आणि झाकणावर तारीख लिहून ठेवतो. फिल्टरसाठी चार दिवस, एस्प्रेसोसाठी आठवडाभर. चौथ्या दिवसाआधी कोणी माझ्याकडे बरणी घेऊन आले तर मी वास घेतो, वजन आणि वेळा विचारतो, आणि न चाखता बरणी परत देतो.