अंदमानची पहिली सहल निसर्गप्रेमींनी कशी आखावी

अंदमानला प्रथमच जाणाऱ्या निसर्गप्रेमींनी डिसेंबर ते एप्रिल हा काळ निवडावा, कारण मे महिन्याच्या उत्तरार्धात तेथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो, समुद्र खवळतो आणि बोटींचे वेळापत्रक कोलमडते. सहा-सात दिवस हाताशी असतील, तर पोर्ट ब्लेअर (2024 पासून श्री विजयपुरम), हॅवलॉक बेट आणि नील बेट एवढीच ठिकाणे पुरेत. अधिक बेटे घेतल्यास निम्मा वेळ धक्क्यावर जातो.

माझ्या मते खरा आनंद नीलच्या ओहोटीत आहे. तिथीकडे पाहून तारखा ठरवाव्यात, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी खूप मागे सरते आणि एरवी झाकलेले खडक उघडे पडतात. नैसर्गिक खडककमानीजवळच्या एखाद्या डबक्याशी दहा मिनिटे स्तब्ध उकिडवे बसावे: तळाशी काळी समुद्रकाकडी (काकडीच्या आकाराचा मऊ सागरी प्राणी) पसरलेली दिसते आणि निर्जीव वाटलेला शंख अचानक पाय काढून चालू लागतो, कारण आत खेकडा असतो. प्रवाळावर पाय मुळीच ठेवू नये, आणि शंख-प्रवाळ उचलून आणू नयेत.

पक्ष्यांसाठी पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडिया टापूला पहाटेच पोहोचावे. हिवाळ्यात तेथे पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो, म्हणून जंगलातील फेरी दुपारनंतर ठेवू नये. पोर्ट ब्लेअरजवळच्याच वंडूरचे सागरी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला यावे.