अल्बममधले जुने फोटो घरी स्कॅन करताना

स्कॅनरचं बटण दाबायचं काम मिनिटभराचं. फोटो बिघडतात ते त्याआधी, अल्बममधून काढताना. काळ्या पानांच्या अल्बमात ते कोपऱ्यांत अडकवलेले असतात, अलगद निघतात. त्रास देतात ते चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम. तिथे नखाने ओढलात तर कागद वाकतो आणि वरच्या जिलेटिनच्या थराला आडवी चीर पडते. मेण नसलेला डेंटल फ्लॉस फोटोच्या कोपऱ्याखाली घाला आणि दोन्ही टोकं धरून करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. तरीही सुटेना, तर अख्खं पानच स्कॅनरवर पालथं ठेवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच स्कॅन करायचा. पावसाळ्यात हे काम काढूच नका. दमट हवेत जिलेटिन मऊ पडतं आणि बोटांचे ठसे कायमचे उमटतात.

आता धूळ. 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके टिपले, तर) अर्ध्या मिलिमीटरचा कण सुमारे 12 पिक्सेलचा ठिपका होऊन बसतो. फोटोवर रबरी ब्लोअर मारा, मग मऊ ब्रश फिरवा. ओला कपडा नको, तोंडाने फुंकरही नको, थुंकीचे शिंतोडे उडतात. स्कॅनरच्या काचेवर थेट फवारा मारू नका, पाणी कडेने आत उतरतं. मायक्रोफायबरचं कापड जरासं ओलं करून पुसा.

फोटो काचेच्या कडेला भिडवू नका, चारपाच मिलिमीटर आत ठेवा, नाहीतर काठ कापला जातो. प्रिंटरसोबत येणाऱ्या बऱ्याच स्कॅनरना फक्त काचेला टेकलेला भागच स्पष्ट दिसतो. फोटो थोडा वळला असेल तर आधी दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून दोनेक दिवस पुस्तकांखाली दाबा.

4×6 इंची फोटोला 600 डीपीआय पुरे. 2400×3600 पिक्सेल मिळतात, म्हणजे 8×12 इंची प्रिंट चांगली निघते. पासपोर्ट आकाराला 1200. त्यापुढे बहुतेक वेळा कागदाचे तंतूच तेवढे मोठे दिसतात. कृष्णधवल फोटोही रंगीतच स्कॅन करा, पिवळसर छटा आणि डाग वेगळे ओळखून काढता येतात. शार्पनिंग, ऑटो करेक्शन बंद. जुने रंगीत फोटो लालसर पडतात, कारण त्यातला निळसर सायन रंग आधी उडतो. ती दुरुस्ती नंतर, फाइलच्या प्रतीवर करायची. मूळ फाइल टिफमध्ये (TIFF, चित्राचा दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) ठेवा, एका फोटोला साधारण 26 एमबी लागतील.

खडबडीत दाणेदार कागदावरचा फोटो चमकतो, जाळी दिसते. तो एकदा सरळ, एकदा 180 अंश फिरवून स्कॅन करा आणि एडिटिंगमध्ये दोन्ही एकावर एक बसवून वरच्या थराची पारदर्शकता निम्मी करा. जाळी बरीच मावळते.

मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, कोणाची तरी नावं तिथेच असतात. फाइलला ‘1978-05-लग्न-012’ असं नाव द्या, मागच्या बाजूला त्यापुढे ‘मागे’. एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर, दुसरी घराबाहेर. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात तर तो आक्रसून जातो.