कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर झाडं लावण्याआधी: माती कशी तपासायची, चुनखडी किती टाकायची

चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या उघड्या खाणींचे ढिगारे हिरवे करायचे तर शेतासाठीचा माती अहवाल जसाच्या तसा वापरू नका. दगड, कोळसा आणि पुढे तयार होणारं आम्ल या तिन्ही बाबतींत तो फसवतो.

ढिगाऱ्यावर डंपरच्या दर खेपेचा माल निराळा असतो. म्हणून आधी रंगावरून भाग पाडा: तांबूस-पिवळा वालुकाश्म, राखाडी-काळा शेल (चिखलाचा थरांचा खडक), काळी माती. माथा आणि उतार वेगळे धरा. प्रत्येक भागातून 15 सेंमी खोलीपर्यंतचे 10-15 नमुने प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळा. या मिसळलेल्या मातीच्या ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा. 2 किलो उरले की थांबा. सावलीत वाळवून 2 मिमी चाळणीने चाळा आणि वर राहिलेल्या दगडांचंही वजन लिहा. प्रयोगशाळा फक्त चाळलेली माती तपासते. वजनात निम्मे दगड असतील, तर अहवालातलं अन्नद्रव्य प्रत्यक्ष जमिनीत निम्मंच धरायचं.

सेंद्रिय कर्ब 0.8 टक्के आला म्हणून खूश होऊ नका. नेहमीच्या चाचणीत कोळशाची भुकटीही काही प्रमाणात कर्ब म्हणून मोजली जाते. झाडाला तिचा उपयोग नाही. उपलब्ध नत्राचा आकडा कमी असेल, तर त्यावरच विश्वास ठेवा.

सामू (pH, म्हणजे माती आम्ल की अल्कली) एक भाग माती, अडीच भाग पाण्यात मोजतात, पण तो आजचा. शेलमधल्या पायराइटला (लोह-गंधकाच्या खनिजाला) हवा-पाणी मिळालं की गंधकाम्ल तयार होतं आणि आज 6.5 असलेला सामू पुढे 4 च्या खाली जाऊ शकतो. त्यासाठी पेरॉक्साइड चाचणी करा. इथे नमुना चाळायचा नाही. दगडासकट बारीक दळायचा. 2.5 ग्रॅम पूड, 250 मिली 15 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, रात्रभर ठेवा, मग बुडबुडे थांबेपर्यंत तापवा, थंड करून सामू पाहा. 4.5 पेक्षा कमी म्हणजे धोका. मिश्रण अचानक उसळतं. भांडं मोठं घ्या, हातमोजे-चष्मा हवाच. कोळसा जास्त असलेला नमुना खोटा धोकाही दाखवतो, म्हणून पायराइटी गंधक प्रयोगशाळेत मोजून घ्या.

हे आम्ल मारायला चुनखडी लागते, तिचा हिशेब सोपा आहे. 1 टक्का पायराइटी गंधकाला दर टन मालामागे 31.25 किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट (म्हणजे शुद्ध चुनखडी) लागतं. एक हेक्टर, 15 सेंमी थर म्हणजे सुमारे 2,250 टन. गंधक 0.1 टक्का असेल तर 7 टन. चुनखडी 80 टक्के शुद्ध असेल तर पावणेनऊ टन. 0.5 टक्क्याला शुद्ध चुनखडीच 35 टन लागेल. तिथे चुनखडीच्या मागे लागण्यापेक्षा चांगल्या मातीचा जाड थर देणं बरं.

राजुरा-कोरपना भागात चुनखडीच्या खाणी आहेत. पूड बारीक, 0.25 मिमीच्या आतली घ्या. खडी वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. वीजकेंद्राची राख फुकट मिळाली तरी चुनखडीची जागा घेत नाही. आपल्याकडच्या बहुतेक राखेत चुना कमी असतो.

डंपरने दाबलेला माथा आधी रिपरने (जमीन खोल फोडणाऱ्या दात्याने) समपातळी रेषेवर, उताराला आडवा, 45-60 सेंमी खोल फोडा. मेअखेर चुनखडी पसरून मातीत मिसळा. वर नुसती टाकलेली खाली उतरत नाही. भाजलेला चुना वापरलाच, तर शेणखत त्याच्यासोबत टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडतं. पाऊस सुरू झाल्यावर सहा आठवड्यांनी सामू पुन्हा मोजा आणि 5.5 च्या वर असेल तरच रायझोबियम (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) लावलेलं स्टायलो या शेंगावर्गीय चाऱ्याचं बियाणं टाका.