चढावर थांबलेली गाडी पुन्हा काढताना
प्रौढ वयात गाडी शिकणाऱ्यांना बहुधा सर्वाधिक धास्ती वाटते ती चढावर गाडी मागे घसरण्याची, म्हणून सराव रहदारी नसलेल्या सौम्य चढापासून सुरू करावा. हँडब्रेक पूर्ण ओढून पहिला गिअर टाकावा, इंजिनाचा आवाज जड होऊन बॉनेट किंचित उचलल्यासारखे जाणवेपर्यंत क्लच सावकाश सोडावा, तिथेच पाय स्थिर ठेवून थोडा ॲक्सिलरेटर द्यावा आणि मगच हँडब्रेक सोडावा. गाडी बंद पडल्यास ब्रेक दाबून पुन्हा सुरुवात करावी. मागच्या हॉर्नला उत्तर देण्याची गरज नसते. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो, त्यामुळे घाई करणारा प्रशिक्षक निःसंकोच बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे.