भरतीची तयारी गटाने करताय? या चुका टाळा

येळ्ळूर, कडोली, उचगाव, नंदगड किंवा निपाणी, कुठल्याही बाजूला जा, पहाटे साडेचारला मोबाइलच्या टॉर्चवर पळणारी पोरं भेटतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि गावात एखादा तरी माजी सैनिक असतोच, त्यामुळे भरतीचं वेड या भागात मुद्दाम लावावं लागत नाही. उठायचं, जमायचं, पळायचं हे सगळं होतं. तरी वर्षभर एकत्र पळलेल्या गटातली निम्मी पोरं ग्राउंडवर, मेडिकलला नाहीतर कागदपत्रांच्या टेबलावर अडकतात, आणि अडकण्याची कारणं वर्षानुवर्षं तीच असतात.

खालचे आकडे मुख्यतः सैन्याच्या अग्निवीर जनरल ड्यूटी (जीडी) भरतीचे आहेत. नियम बदलत राहतात, तेव्हा जाहिरात आली की सगळ्यांनी एकत्र बसून ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. गावातल्या चर्चेतून कळलेली जाहिरात निम्मी चुकीची असते.

मैदान न मोजता पळणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती सुधारायला एक तास पुरतो. शाळेच्या मैदानाचा राउंड ‘दोनशेचा आहे’ असं कोणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात तो १८८ मीटर भरला, तर आठ राउंडमध्ये तुम्ही भरतीतल्या १६०० ऐवजी १५०४ मीटरच पळता. साडेपाच मिनिटांच्या वेगाने राहिलेल्या ९६ मीटरला जवळपास २० सेकंद लागतात. म्हणजे घरच्या मैदानावर ५:२० लावणारा पोरगा भरतीच्या मैदानावर ५:४० लावतो आणि ‘त्या दिवशी काय झालं कळलंच नाही’ म्हणत परत येतो.

मोटारसायकलच्या मीटरवर आणि पावलांवर विसंबू नका. गवंड्याकडून ३० मीटरची टेप आणा. आतल्या कडेपासून साधारण फूटभर बाहेर टेप धरत जा, कारण पळणारा त्याच रेषेवर पळतो. सहा वेळा ३० आणि वर २० मीटर झाले की २००. वळणावर टेप ताणून सरळ धरली तर अंतर कमी मोजलं जातं आणि राउंड खऱ्यापेक्षा मोठा आखला जातो, म्हणून तिथे पाच-पाच मीटरचे तुकडे मोजा. शंभर आणि दोनशेच्या खुणांवर फक्की मारा, शेजारी दगड रोवा. पावसाळ्यानंतर फक्की उरत नाही, दगड उरतात.

पहिल्या राउंडला दम लावणं, आणि सगळ्यांनी एकाच वेगाने पळणं

१६०० मीटर ५:३० च्या आत पूर्ण केलं तर ६० गुण. ५:३१ ते ५:४५ मध्ये आलात तर ४८. एका सेकंदाने १२ गुण जातात, आणि ते बहुतेक वेळा पहिल्या ४०० मीटरमध्येच गेलेले असतात. गर्दीत शिट्टी वाजते, पुढचे सुसाट सुटतात, आपणही सुटतो. पहिला चारशे ७० सेकंदांत, दुसरा ८०, तिसरा ९२, चौथा ९५. बेरीज ५:३७. त्याच पोराने ८२, ८३, ८४, ८० असे चारशे काढले असते तर ५:२९ झाले असते, आणि शेवटी ओकारीही आली नसती. सुरुवातीच्या वेगात पायांत साचलेला ताण तिसऱ्या चारशेला वसूल होतो. तेव्हा जिद्दीचा फारसा उपयोग होत नाही.

८२ सेकंदांचा चारशे कसा असतो हे पायांना माहीत हवं. त्यासाठी आठवड्यात एकदा ४०० मीटर ८२ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं, असे पाच. जमू लागले की सहा. दुसऱ्या एखाद्या दिवशी २०० मीटर ४० सेकंदांत, आठ वेळा, मध्ये २०० मीटर चालत. आणखी दोन दिवस पाच-सहा किलोमीटर इतक्या हळू पळा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. एक दिवस पूर्ण विश्रांती. पूर्ण सोळाशेची वेळ पंधरा दिवसांतून एकदाच लावा. रोज टायमिंग लावणारी पोरं दोन महिन्यांत थकतात आणि त्यांचा आकडा हलेनासा होतो.

हळू पळायचा दिवस गटात पाळणं अवघड जातं. पुढे असलेला एक जण वेग वाढवतो, बाकीचे लाजेखातर त्याच्या मागे लागतात आणि रोजचा दिवस शर्यतीचा होतो. त्यामुळे गट सोळाशेच्या वेळेनुसार तीन तुकड्यांत वाटा: पावणेसहा मिनिटांच्या आतले, साडेसहा मिनिटांच्या आतले आणि नवे. प्रत्येक तुकडीत घड्याळ धरणारा वेगळा, तोही आळीपाळीने. लाज ही चीज गटाला पहाटे उठवायला उपयोगी, पण वेग ठरवायला घातक.

नळी दुखत असताना बाम लावून पळणं

तांबड्या मातीच्या वाटा सोडून पोरं डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावर पळतात, त्यात तीन किलोमीटरवरून एकदम आठवर जातात. पंधरवड्यात गुडघ्याखालचं नडगीचं हाड आतल्या बाजूने दुखू लागतं. कारण सरळ आहे: दम आठवड्यांत वाढतो, हाडाला ताकद धरायला महिने लागतात.

एक बोट घेऊन हाडावरून वरून खाली दाबत जा. दुखणं चार-पाच इंच पसरलेलं असेल तर सहसा आठवडाभर पळणं बंद, रोज दोनदा १०-१५ मिनिटं कापडात गुंडाळलेला बर्फ, आणि नंतर मातीवर निम्म्या अंतराने सुरुवात. दुखणं एकाच ठिपक्यावर असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. अशा वेळी पळणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या एक्स-रेत ही चीर दिसतेच असं नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून लगेच मैदानात उतरू नका. वेदनाशामक गोळी घेऊन काढलेलं टायमिंग तर वहीत लिहूच नका.

ग्राउंडच्या आदल्या दिवशी ‘ताकदीचं इंजेक्शन’ देणारा कोणीतरी दरवर्षी उगवतो. त्याला गटाच्या आसपास फिरकू देऊ नका. धावताना कोसळण्याचा धोका त्यात आहे.

बीम आणि नऊ फुटी शेवटच्या महिन्यावर ढकलणं

दहा बीमला (पुल-अपला) ४० गुण, नऊला ३३, सहाला १६. पळण्यात दोन सेकंद वाचवण्यापेक्षा सहाचे नऊ करणं बहुतेकांना सोपं असतं, तरी वेळ जातो पळण्यातच.

गावात बीमसाठी दोन इंची पाइप लावलेला असतो, तो मुठीत मावत नाही आणि हातच आधी सुटतो. सव्वा इंची जीआय पाइप घ्या, उंची आठ फुटांच्या आसपास ठेवा. ज्याला तीनच निघतात त्याने रोज तीन काढून दमून जाऊ नये. आठवड्यातून तीन दिवस दोन-दोनचे सहा सेट, मध्ये दीड मिनिट. त्यानंतर स्टुलावरून हनुवटी बीमच्या वर नेऊन पाच सेकंद मोजत खाली यायचं, असं पाच वेळा. मोजणाऱ्याने दयामाया ठेवू नये: खाली कोपर सरळ, वर हनुवटी पाइपच्या पलीकडे, झोका नाही. मित्राने दिलेले दहा तिथे सात भरतात. ग्राउंडवर बीम सहसा धाव झाल्यावर असतो, म्हणून पंधरवड्याच्या टायमिंगनंतर पाच-दहा मिनिटांत बीमही मोजा.

नऊ फुटी खड्ड्याला गुण नाहीत, पण तो पार केल्याशिवाय पास नाही. पोरं अडतात ती उडी कमी पडते म्हणून कमी, आणि काठाशी येऊन पावलं तोडतात म्हणून जास्त. धावत येण्याची पावलं ठरवा, सुरुवातीच्या जागी खूण करा, नांगरलेल्या मऊ रानात दहा फुटांवर दोरी टाकून सराव करा.

परीक्षा नंतर बघू म्हणणं

२०२३ पासून अग्निवीरची ऑनलाइन परीक्षा आधी आणि ग्राउंड नंतर. आधीची परीक्षा निघाली नाही तर वर्षभराचं पळणं कोणी बघतच नाही. जीडीला एका तासात ५० प्रश्न, १०० गुण, बरोबर उत्तराला दोन गुण आणि चुकल्यास अर्धा वजा. सामान्य ज्ञान, विज्ञान, गणित आणि बुद्धिमत्ता. प्रश्नाची भाषा निवडता येत असेल तर फॉर्म भरण्याच्या आधी ठरवा. विज्ञान मराठीतून शिकलेल्याने इंग्रजी निवडून स्वतःच्याच पायात पाय घालू नये.

आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत, खानापूरकडे तर त्याहून जास्त, मैदान चिखलाचं असतं. ते चार महिने अभ्यासाचे धरा: रोज दीड तास, मंडळाच्या खोलीत, मोबाइल टोपलीत. शेकडेवारी, सरासरी, काळ-काम-वेग यावर आधी हात बसवा.

कर्नाटक पोलीस शिपाईची परीक्षाही देणार असाल तर पेपर कन्नड आणि इंग्रजीत असतो. गावात कन्नड माध्यमात शिकलेला पोरगा असेल तर त्याला गटात ओढा. त्याला गणितात मदत हवी असते, तुम्हाला कन्नडमध्ये. सौदा दोघांच्या फायद्याचा आहे.

कागद आणि शरीर शेवटी तपासणं

सीमाभागातला खास घोळ नावाचा. मराठीत ज्ञानेश्वर, आधारवर इंग्रजीत ‘डीएन’ने सुरू होणारं, दहावीच्या मार्क्सकार्डावर ‘जेएन’ने. कुठे आडनावच नाही, वडिलांचं आद्याक्षर तेवढं. फॉर्म दहावीच्या मार्क्सकार्डाप्रमाणे भरा, आणि आधार त्याला जुळवून घ्या, जाहिरातीच्या तीन-चार महिने आधी. कॉलेजसाठी चंदगड किंवा कोल्हापूरला राहून आधारचा पत्ता बदलला असेल तर आणखी गुंता: दहावी कर्नाटकची, पत्ता महाराष्ट्राचा. उंचीची अटही राज्याप्रमाणे बदलते, जीडीला कर्नाटकसाठी १६६ सेंटिमीटर आणि महाराष्ट्रासाठी १६८. रहिवासी दाखला ज्या जिल्ह्याचा, अर्ज तिथलाच.

महाराष्ट्र शासनाच्या भरतीत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना अर्ज करता येतो, पण १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला ठरलेल्या नमुन्यातच लागतो. आपलं गाव यादीत आहे का ते आधी बघा.

शरीराच्या बाबतीत पहिल्याच आठवड्यात चार गोष्टी करा. ओला पाय शहाबादी फरशीवर उमटवा: तळव्याची कमान अजिबात दिसत नसेल तर सपाट पायाची शंका. गुडघे जुळवून उभं राहिल्यावर घोट्यांमध्ये बरंच अंतर राहत असेल तर तेही दाखवून घ्या. रंग ओळखण्याची तपासणी आणि दात डॉक्टरांकडून बघून घ्या, आणि ग्राउंडच्या आधी कानातला मळ काढून घ्या. दोन वर्षं पळून मग हे कळणं फार वाईट.

गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे चालतं. दंडावर किंवा छातीवर राजांचं चित्र कितीही श्रद्धेने काढलेलं असलं तरी चालत नाही.

झोप आणि खुराक यांचा हिशोब न ठेवणं

तालमीतला खुराक कुस्तीला ठीक. पळणाऱ्याने बदाम-थंडाईवर पैसे घालण्यापेक्षा भाकरी, उसळ, दोन-तीन अंडी, मूठभर शेंगदाणे, ताक यावर भर द्यावा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून सकाळी सातला घरी येणाऱ्याला पहाटेचा गट झेपणार नाही. त्याला उठवत बसू नका, संध्याकाळी साडेपाचची तुकडी करा.

नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम. निपाणी, चिकोडी, अथणीच्या रस्त्यांवर पहाटे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो, वर धुकं. त्या महिन्यांत मुख्य रस्ता सोडा. सोडता येत नसेल तर समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून एका रांगेत पळा, आणि पहिल्या-शेवटच्याच्या अंगावर चमकणारं जॅकेट असू द्या. मुलींची तुकडी असेल तर मैदानापर्यंत ने-आण कोण करणार हे नावानिशी ठरवा. त्या येणं बंद करतात ते बऱ्याचदा अंधाराच्या वाटेमुळे.

नापास झालेल्याला गटातून गळू देणं

ग्राउंड चुकलेला पोरगा आठवडाभर तोंड दाखवत नाही, मग येतच नाही. आणि त्या वर्षीची सगळ्यात ताजी माहिती त्याच्याकडेच असते. दोन दिवसांत त्याच्या घरी जा, त्याच्याकडून लिहून घ्या: किती जणांची बॅच सोडली, मैदान माती की गवत, धाव आणि बीममध्ये किती वेळ मिळाला, बीमची जाडी, कुठला कागद परत केला. पुढचे पंधरा दिवस त्याला पळायला न लावता घड्याळ धरायला द्या. येण्याला कारण मिळतं, आणि दुसऱ्याचे राउंड लिहिताना आपला तिसरा राउंड कुठे घसरला ते त्याचं त्यालाच दिसतं. वहीच्या त्या पानावर वरती वर्ष लिहायला विसरू नका, नाहीतर पुढची बॅच जुन्या नियमांवर तयारी करेल.