कोंबडीच्या वाढीच्या जनुकांवर काम करणार असाल तर

शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या कॉलेजात कोंबडीच्या वाढीशी जोडलेले जनुकीय फरक हा विषय घेताय, तर थोडं ऐका. डीएनए काढणं, पीसीआर, जेल हे तुम्हाला येतं असं धरून लिहितेय.

सगळ्यात आधी पक्षी. पन्हाळा, राधानगरीकडं वाड्यावस्त्यांवर गावठी कोंबड्या दारोदारी आहेत, पण पक्ष्याचं नेमकं वय कुणी लिहून ठेवत नाही, आणि वय नसेल तर वजन घेऊन काय करणार? चिकनच्या दुकानातून ब्रॉयलरचं रक्त आणायचा शॉर्टकट तर मुळीच नको. त्या पक्ष्याचा बाप कोण, बॅच कुठली, काहीच हाती लागत नाही. एकाच दिवशी अंड्यातून निघालेली पिल्लं घ्या, प्रत्येकाला नंबर लावा आणि दर आठवड्याला ठरल्या वारी, सकाळी खाद्य टाकण्याआधी वजन करा. प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी रक्त काढण्याआधी हातात हवी, नंतर नाही.

रक्त पंखाखालच्या शिरेतून घेतात. ते थोडंच पुरतं, कारण कोंबडीच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, म्हणजे डीएनए भरपूर मिळतो. माणसाच्या रक्तासाठी डीएनए काढायच्या किटवर लिहिलेलं 200 मायक्रोलिटर तसंच ओतलंत तर नळीत डिंकासारखा चिकट लगदा होतो, गाळणीचा कॉलम तुंबतो. 10 ते 20 मायक्रोलिटर घ्या.

आता मी जिथं अडकले ती जागा. ही नीट समजून घ्या, घाईनं पुढं जाऊ नका.

लिंग ठरवणारी गुणसूत्रं बघितली तर पक्ष्यांत नर झेडझेड आणि मादी झेडडब्ल्यू. ग्रोथ हार्मोन रिसेप्टरचं, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाचा निरोप पेशीत घेणाऱ्या प्रथिनाचं, जनुक झेड गुणसूत्रावर आहे. त्यातला बिघाड लिंगसंलग्न बुटकेपणा आणतो, म्हणून वाढीवर काम करणारा प्रत्येक जण हे जनुक यादीत घेतो. मादीकडं त्याची एकच प्रत. त्या जनुकाची ए आणि बी अशी दोन रूपं धरा. जेलवर तिचा नमुना एए किंवा बीबीसारखा दिसतो, एबी कधीच दिसत नाही. एबी फक्त नरांत.

आकडे मांडून बघा. समजा 100 नर, 100 माद्या, आणि ए रूपाचं प्रमाण 60 टक्के. नरांत 36 एए, 48 एबी, 16 बीबी. माद्यांत 60 ए आणि 40 बी, पण तुमच्या तक्त्यात त्या एए आणि बीबी म्हणून बसतात. एकत्र केलं की 96 एए, 48 एबी, 56 बीबी. आता समजा नर मादीपेक्षा सरासरी 200 ग्रॅमनं जड आहे आणि या जनुकाचा वजनावर काडीचाही परिणाम नाही. तरी एबी गट एएपेक्षा 125 ग्रॅमनं जड येणार, कारण एबीत सगळे नरच आहेत आणि एएत निम्म्याहून जास्त माद्या. सॉफ्टवेअर त्याला बिनदिक्कत ‘लक्षणीय’ म्हणतं. गाईड खूश, आपण खूश, आणि सापडलेलं काय? कोंबडा कोंबडीपेक्षा जड असतो, एवढंच!

हार्डी-वाइनबर्गची चाचणी, म्हणजे रूपांच्या प्रमाणावरून एए, एबी, बीबी किती यायला हवेत ते ताडून बघणं, आधीच इशारा देते. वरच्या उदाहरणात 96 एबी अपेक्षित, मिळतात 48, बरोबर निम्मे. अशी तूट दिसली की ‘लोकसंख्या लहान आहे’ असं लिहून मोकळे होऊ नका. जनुक कुठल्या गुणसूत्रावर आहे ते बघा. झेडवर असेल तर नर-माद्यांचं विश्लेषण वेगवेगळं करा, चाचणीही फक्त नरांवर लावा. लहान पिल्लांत लिंग डोळ्यांनी ओळखू म्हणाल तर फसाल. झेड आणि डब्ल्यू दोन्हींवर असणाऱ्या सीएचडी1 जनुकाचा पीसीआर लावा, मादीला दोन पट्टे येतात, नराला एक.

घाबरू नका, सगळी जनुकं अशी नाहीत. वाढीशी जोडलेलं आयजीएफ1 हे जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे, तिथं मादीकडंही दोन प्रती असतात. तरी लिंग विश्लेषणाच्या मॉडेलमध्ये घ्यायचंच, आणि बाप सुद्धा. खुराड्यात एकच कोंबडा असेल तर सगळी पिल्लं त्याचीच. दोन नरांच्या पिल्लांत फरक आला तर तो तुमच्या एका एसएनपीचा (डीएनएतल्या एका अक्षराच्या फरकाचा) की त्या नरांच्या बाकी सगळ्या जनुकांचा, हे सांगता येत नाही. जितके बाप जास्त तितकं बरं, आणि मॉडेलमध्ये बाप रँडम इफेक्ट म्हणून, म्हणजे अनेक संभाव्य बापांतले हे काही असं धरून, घाला.

गाईडबद्दल माझं मत ठाम आहे. ज्यांनी स्वतः शेडमध्ये उभं राहून पिल्लं तोललीत, त्यांच्याकडं जा. नुसते शोधनिबंध मोजणाऱ्यांना तुमची वजनाची वही कधी बघावीशी वाटत नाही. आणि पैसे घेऊन ‘ॲनालिसिस करून देतो’ म्हणणाऱ्यांना डेटा देऊ नका. तुमच्या तक्त्यात कोण नर, कोण मादी याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

परिणाम शून्य आला तर रडू नका, मी रडलेय. वजनावर शेकडो जनुकांचा थोडाथोडा हात असतो, एका एसएनपीनं कोंबडी जड होईल ही अपेक्षाच चुकीची. व्यवस्थित ठेवलेली वजनं आणि वंशावळ मात्र पुढंही कामाला येते. हैदराबादची कुक्कुट संशोधन संस्था किंवा उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरची पक्षी संशोधन संस्था इथं अर्ज करताना ती वही सोबत न्या, आणि पान उघडून दाखवा.