पॅनिक अटॅक ओळखायचा कसा, आणि मग जायचं कुठे?

कात्रजच्या बोगद्यात गाड्या तुंबल्यात, तुम्ही बसमध्ये उभे. काही कारण नसताना छाती धडधडायला लागते, दरदरून घाम फुटतो, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात, आजूबाजूचं सगळं लांबचं, खोटं वाटतं. आता मी मरणार, नाहीतर मला वेड लागणार! हा पॅनिक अटॅक असू शकतो. त्याची खूण म्हणजे वेग. साधी काळजी दिवसभर कुरतडते. हा काही मिनिटांत टोकाला जातो आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरतो. नंतर अंगात त्राण उरत नाही.

आधी शरीर तपासा. पहिल्यांदाच असं झालं तर ‘टेन्शन असेल’ किंवा ‘ॲसिडिटी असेल, इनो घे’ असं निदान घरी करू नका. छातीवर दाब, कळ हातात किंवा जबड्यात जाणं, शुद्ध हरपणं, यातलं काही असेल तर थेट 108. एरवी फॅमिली डॉक्टरांकडे जा. ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड बघून घेतील. थायरॉइडचं हार्मोन वाढलं तरी अशीच धडधड होते. रिपोर्ट नॉर्मल आले की मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवा. दर महिन्याला नवा ईसीजी काढत हिंडण्याने भीती कमी होत नाही, पोसली जाते.

अटॅक चालू असताना जोरजोरात श्वास ओढू नका. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मुंग्या आणि चक्कर त्यातूनच येतात. म्हणून ‘खोल श्वास घे’ हा प्रेमळ सल्ला कधीकधी उलटतो. नाकाने चार अंक मोजत घ्या, सहा मोजत सावकाश सोडा. खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचा. जमलं तर तिथून पळू नका, कारण आज बसचा प्रवास सुटतो, उद्या लक्ष्मी रोडची गर्दी, परवा लिफ्ट, आणि मग घराबाहेर पडणंच.

सोबत असाल तर ‘घाबरतोस काय एवढं?’ नको. ‘मी इथेच आहे, ओसरेल हे’ एवढं पुरे.

मदत कधी घ्यायची? अटॅक पुन्हा पुन्हा येत असतील, ‘परत येईल’ ही धास्ती महिनाभर सुटत नसेल, किंवा जागा टाळायला लागला असाल तर थांबू नका. ‘याला येरवड्याला पाठवा’ हा पुण्यातला जुना विनोद, आणि त्यापायी कितीजण डॉक्टरांची पायरी चढत नाहीत. खरं तर येरवड्याच्या मनोरुग्णालयात ओपीडीही आहे. केसपेपर काढायचा, दाखवायचं, घरी यायचं. ससूनमध्येही मनोविकार विभाग आहे. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही.

उपचारांत सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत, गोळ्या, किंवा दोन्ही. रोजच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आपल्या मनाने बंद करू नका. लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागू शकते, त्यामुळे शेजाऱ्याच्या पाकिटातली तर अजिबात नको.

जाताना एक चिठ्ठी न्या: अटॅक कधी आला, कुठे, किती मिनिटं, कोणती औषधं चालू आहेत, दारू घेता का. कॅफिननेही धडधड वाढते, तेव्हा दिवसाचे चहा किती हेही लिहा. अमृततुल्यचे धरून.